सेटवर मला हुर्र्या म्हणायचे

"ए हुर्र्या, खाली हो. अजून खाली. मेंढ्यांत मेंढी दिसली पाहिजे!"

दिग्दर्शक छत्रीच्या सावलीत खुर्चीवर बसून ओरडत होता. मी नातेपुत्याबाहेरच्या माळावर, भर उन्हात, हातापायांवर रांगत. मालिकेत मी गडी. नाव धोंडी. मालक चिडून धोंडीला मेंढरांत हाकलतो आणि बघणारे पोट धरून हसतात, असा प्रसंग होता. मेंढरं खरी होती. माझ्या बापाची होती. आणि बाप, म्हणजे आबा, कॅमेऱ्याशेजारी खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता.

हुर्र्या हे माझं सेटवरचं नाव. ते कसं पडलं, तेही सांगतो.

सोलापुरात मी हौशी नाटकं करायचो. दिवसा चिंचोळीच्या एमआयडीसीत कारखान्याची पाळी, संध्याकाळी तालीम. राजा झालो, वकील झालो. पुण्याला पहिल्या ऑडिशनला गेलो ते लांबलचक स्वगत पाठ करून. दोन वाक्यं झाली नाहीत तोच समोरची बाई म्हणाली, "हे राहू दे. गावाकडचं काहीतरी कर ना." काय करणार? आबा मेंढरांना घालतात ती हाक घातली. हुर्रर्र! खोलीभर हशा. बाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. काम मिळालं आणि नावही मिळालं. त्या दिवसापासून मेकअपवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांचा मी हुर्र्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझी आणि बायकोची भाड्याची खोली. गल्लीतली माणसं मला धोंडी म्हणायची, फोटो काढायची. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. धोंडी माझं काम होतं. हुर्र्या काम नव्हतं. कॅमेरा बंद झाल्यावरही मी हुर्र्याच असायचो. जेवायला बसलो तरी हुर्र्या. ताप आला तरी हुर्र्या.

या प्रसंगाला मेंढरं हवी होती. मीच हौसेनं म्हटलं, आबांची आणतो. आबांनी माझं काम कधी पाहिलं नव्हतं. मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या पालात टीव्ही कुठला? आले ते धुतलेलं धोतर नेसून, लाल मुंडासं बांधून. पोराचं काम बघायला.

आबांनी हाक घातली. मेंढरं धावत आली. त्यांच्यात मी.

"परत," दिग्दर्शक म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आबांनी मेंढरं लांब नेली, पुन्हा हाक घातली. "परत." तिसऱ्या वेळी आबा नुसते उभे राहिले.

"आता पानी पायजे," ते म्हणाले.

"कुणाला?"

"मेंढरास्नी. हाक दिली की पानी न्हायतर चारा द्यावा लागतो, सायेब. फसवून हाक देत न्हाईत."

हा आमच्यातला नेम आहे. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून हाक घातली होती. आबांनी काठीनं झोडपलं, आणि मग मलाच लांबून पाणी आणून मेंढरांना पाजायला लावलं. मुक्या जनावराशी खोटं बोलायचं नाही, एवढंच ते तेव्हा म्हणाले होते.

सेटवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, मेंढ्यांना मिनरल वॉटर द्या. दिग्दर्शक मात्र वैतागला होता.

"हुर्र्या, समजाव रे तुझ्या बापाला."

आबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी अजून हातापायांवरच होतो.

"तुला ह्ये काय म्हनत्यात?"

मी मान खाली घातली.

"तुला हाकत्यात व्हय रं?"

बापाचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी उठलो. तळहातांना लेंड्या चिकटल्या होत्या, गुडघे सोलले होते.

"मला माझ्या नावानं बोला," मी म्हणालो.

"अरे, चिडतोस काय? प्रेमानं म्हणतो आम्ही."

"मग प्रेमानं नाव घ्या."

त्यानं तोंड उघडलं. पण नाव आलं नाही. त्यानं सहायकाकडे पाहिलं. सहायक खाली बघू लागला. मालकाचं काम करणारा नट, मेकअपवाला, दिवे लावणारे, सगळे एकमेकांकडे पाहत होते. तीन वर्षं मी या माणसांबरोबर जेवत होतो. एकालाही माझं नाव ठाऊक नव्हतं.

मला रडू आलं. थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

धोंडीचे कपडे तिथंच उतरवले, माझे चढवले. मी आणि आबा मेंढरं घेऊन विहिरीकडे चालू लागलो. मागून हाका येत होत्या. हुर्र्या, अरे हुर्र्या! मी वळलो नाही. वाटेत आबा एकच बोलले, "तुजं नाव मी माज्या बाचं ठिवलंय."

मालिकेत धोंडी गावी गेला. एका वाक्यात गेला. मला कामं येणं बंद झालं, आणि मी पुन्हा चिंचोळीत पाळी धरली. आबांना वाटायचं, हे सगळं त्यांच्यामुळं झालं. दर फोनवर विचारायचे, काम मिळालं का? "माज्या पान्यापायी तुजं काम ग्येलं," म्हणायचे. मी परोपरीनं सांगितलं, तसं नाही आबा. त्यांना पटलं नाही. तेच मनात घेऊन ते गेले. त्याचं दुःख माझ्या छातीतून निघत नाही, आणि त्याबद्दल मला कुणाला माफही करायचं नाही.

परवा फोन आला. "हुर्र्या ना? गड्याचा रोल आहे, मोठा आहे." बायको समोर उभी होती, आशेनं बघत होती. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, या नावाचा माणूस हवा असेल तर बोला. पलीकडचा हसला. मी फोन ठेवला. बायको स्वयंपाकाला वळली.

गडी होईन मी. चोर होईन, दारुडा होईन, शेणात लोळेन, मार खाईन. ते माझं काम आहे आणि ते मला चांगलं येतं. पण कट म्हटल्यावर मला माझ्या नावानं बोलायचं. ज्याला ते जमत नाही, त्याच्या कॅमेऱ्यापुढं मी उभा राहणार नाही. आयुष्यभर पाळी करावी लागली तरी नाही.