सोपं सांगणारे धनराज सर

धनराज सर शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला आपण हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. एखाद्याचा प्रोग्रॅम अडला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली, की दुसरे मास्तर पोराला बाजूला सारून खुर्चीत बसतात आणि दोन मिनिटांत दुरुस्ती करून उठतात. पोराला काय झालं ते कळत नाही, मास्तरांचा रुबाब तेवढा राहतो. सर नुसते खाली वाकून बघत आणि त्यांच्या अहिराणीत म्हणत, "रुसना तो. त्यालेच इचार, कसाले रुसना." मग आम्ही ती लाल अक्षरं एकेक करून वाचायचो आणि रुसव्याचं कारण शोधून काढायचो. एवढा धीर असलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांचा क्लास नंदुरबारला, खतांच्या दुकानाच्या माडीवर. मिरचीच्या हंगामात खिडकी उघडली तर अख्खा वर्ग शिंकायचा, म्हणून ती बंदच असे. मी खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरची. घरी मावची बोलायचो, मराठी शाळेत शिकले. स्टेशनवरून गाडी पकडून क्लासला यायची. सर मला नावाने क्वचितच हाक मारत. मी त्यांची "खांडबारावाली" होते.

क्लासला येण्याआधी कॉलेजात मी प्रोग्रॅमिंगमध्ये सपशेल आपटले होते. तिथे जी भाषा शिकवत, तिच्यात संगणकाकडून नुसता नमस्कार वदवून घ्यायचा तरी आधी पाच-सहा ओळींचे सोपस्कार करावे लागत. कुठे महिरपी कंस, कुठे अर्धविराम, आणि त्यांचा अर्थ विचारला तर उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी कळेल. सरकारी कचेरीत साहेबांना भेटायच्या आधी शिपायापासून सगळ्यांना हात जोडावे लागतात, तसा तो प्रकार होता. सरांनी पहिल्या दिवशी मला पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेतली एकच ओळ लिहायला लावली. मी लिहिली आणि पडद्यावर माझं नाव उमटलं. मध्ये कुणी शिपाई नव्हता. मी त्या नावाकडे बघतच राहिले. सर म्हणाले, "कम्प्युटर येडा शे. तू येडी नहीं."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सरांकडे प्रत्येक गोष्टीला घरातलं नाव होतं. माहिती ठेवायची जागा म्हणजे डबा. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं तो फेरा. नाव घेऊन हाक मारली की नेमून दिलेलं काम करून परत येतो तो गडी. पुस्तकातले इंग्रजी शब्द पुढे येतील तेव्हा येतील, आधी चीज ओळखीची होऊ दे, असं ते म्हणत. कुणी शहरातून शिकून आलेला म्हणायचा की पायथन ही पोरांची भाषा, खरे लोक हिच्यात काम करत नाहीत. त्यावर सरांचं उत्तर तयार असे: "सोपं म्हंजे हलकं नहीं, भाऊ." हे वाक्य मी उराशी धरलं होतं. माझा भाऊ खांडबाऱ्यात फोटो स्टुडिओत कामाला. लग्नसराईत हळदीचे, वरातीचे, पंगतीचे फोटो एकात एक मिसळायचे आणि ते निवडण्यात त्याचा दिवस जायचा. मी काही ओळी लिहिल्या, ते वेळेप्रमाणे आपोआप लागले. भावाने पुढ्यातला चहा संपवेपर्यंत काम झालं होतं. त्याने आईला फोन करून सांगितलं की ताईला जादू येते. मला जादू येत नव्हती, सर भेटले होते.

म्हणून पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मी आईच्याही आधी सरांना सांगितलं. आमच्या पाड्यावरची माणसं पुण्याकडे जात ती ऊसतोडीला. खुर्चीवर बसायच्या कामाला जाणारी मी पहिली. सरांनी पेढे वाटले आणि माझी उतरायची सोयही केली. त्यांची मुलगी मयुरी पुण्यात इंजिनियरिंगला होती, तिच्या खोलीवर.

मुलाखत चांगली चालली होती. मग त्यांनी एक साधं काम दिलं. कामगारांच्या नावांची यादी आहे, तिची प्रत करा, प्रतीतून रजेवरची नावं काढा, मूळ यादी तशीच ठेवा. मला हसूच आलं. एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात घातलं, दुसऱ्यातून नावं काढली. समोरच्या बाईंनी मूळ यादी उघडायला सांगितली. तिच्यातूनही ती नावं गेली होती.

असं का झालं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, असं व्हायला नको, मूळ नावं पहिल्या डब्यात आहेत. "कुठल्या डब्यात?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच. पडद्यावर लाल अक्षरं नव्हती, संगणक रुसला नव्हता, आणि रुसलाच नाही तर विचारणार कुणाला? मी गड्याबद्दल, फेऱ्याबद्दल काहीबाही बोलत राहिले. शेजारी बसलेल्या तरुणाने मान खाली घालून हसू दाबलं. बाई भल्या होत्या, हसल्या नाहीत. पाया कच्चा आहे, एवढंच म्हणाल्या.

खोलीवर येऊन मी रडले. मयुरीने आधी पाणी दिलं, मग काय झालं ते ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"ताई, डबा कुणी सांगितला तुला?"

"सरांनी."

ती म्हणाली, "माझ्या आईचं माहेरचं नाव सुमन, सासरचं ललिता. सुमनला ताप आला तर ललिता कामावर जाईल का? तू दुसरी यादी केलीच नाहीस. त्याच यादीला दुसरं नाव ठेवलंस."

बस. एवढंच होतं. बाई एक, नावं दोन. यादी एक, नावं दोन. मला लख्ख कळलं. हे तुला कॉलेजात शिकवलं का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "नाही, पप्पांनी. मी नववीत होते तेव्हा."

परतीच्या गाडीत मी सरांनी घातलेले सगळे सराव आठवून पाहिले. एकातही प्रतीची भानगड नव्हती. दर वेळी ते यादी नव्याने भरायला लावत. रस्त्यातला खड्डा त्यांना पक्का ठाऊक होता, आणि आम्हाला ते रोज वळसा घालून नेत होते. पायथन भाषेचा काही दोष नव्हता. तिने दार उघडं ठेवलं होतं, अजूनही आहे. आज सुरतेला मी त्याच भाषेत काम करून पोट भरते. अवघड म्हणून सरांनी ते गाळलं असतं, तरी मी समजून घेतलं असतं. पण ते अवघड नव्हतं. त्यांच्याकडे ते सांगायला सुमन-ललिता तयार होती, स्वतःच्या घरातली. मुलीला त्यांनी खरं सांगितलं आणि आम्हाला डबा दिला. मला इतका राग आला होता की नवापूर कधी गेलं, कळलंच नाही.

नंदुरबारला उतरून मी रिक्षा केली आणि थेट क्लासवर गेले. सर एकटेच होते. मी झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, मयुरीला एक आणि आम्हाला दुसरं, असं का? वाटलं होतं ते ओशाळतील, निदान चिडतील. त्यांनी मायेने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"मयुरीनी गोष्ट येगळी शे, माय. तिले पुढे जानं शे. तुम्ही डोंगरनी पोरं. अवघड काही सांगं ते पहिलाच दिनले घाबरीसन पयी जातस. मी तुम्हना भलासाठेच करं. तुम्हले तेवढंच पुरे व्हतं."

आम्ही घाबरून पळू नये म्हणून डबा दिला, यात कुठेही खोट नव्हती, हेच मला सोसेना. पाठीमागे बांधलेले हात, तो धीर, ते पेढे, सगळं खरं होतं. त्या सगळ्याच्या तळाशी आमची उंची आधीच मोजून ठेवलेली होती, आणि ती मोजताना आम्हाला कुणी उभं केलं नव्हतं.

"बस आते," सर म्हणाले. "मी समजाडस तुले. टाइम लागी, पन समजाडस."

मी बसले नाही. म्हणाले, "नको सर. मयुरीने सांगितलं. सुमन-ललिताचं एक वाक्य. कळलं मला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बसले होते, पण असं त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

"एकच वाक्यमा?" ते म्हणाले. "तुले समजनं?"

ते मला टोचून बोलत नव्हते. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. मी जिना उतरले.