चादरीचा वाघ अन् खालची पट्टी

मी शाळेत एकदाच गेलो, मास्तरले मासे द्याले. म्हनून टीवीवर खालून जे अक्षरं पळतात ते मले मुंग्यांच्या रांगेवानी दिसतात. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं कामात येईल.

मूल शहराजवळ आमचं गाव. सकाळी तलावावर जाळं काढाले गेलो तं पाळीवरच्या, म्हंजे बांधावरच्या झुडपात पिवळ्या-काळ्या पट्ट्या हालून राह्यल्या. आमच्याकडं वाघाचं नाव घेत नाई, जनावर म्हनतात. मी काहीच म्हनलं नाई, सीधा मोहाच्या झाडावर चढलो. दुपारपर्यंत वरच. अर्धं गाव जमलं, कोनी मोबाईल काढला. मंग माही बायको आली. तिनं ते जनावर उचललं, झटकलं अन् त्याची घडी घातली. आमची चादर होती. आदल्या दिवशी मीच वाळू घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी टीवीवर.

चहाच्या टपरीवर मुलचेऱ्याकडचा बंगाली दादा बसला होता. आमचे मासे तोच विकत घेते. त्याची मोठी बहीण देशाच्या सीमेपल्याड राह्यते. तिकडं लई मोठा पूर आलता अन् दोन दिवसापासून तिचा फोन लागत नव्हता. दादा चॅनल बदलून राह्यला होता, अन् दर चॅनलवर मी. बनियन, फाटकी लुंगी, भोवती लाल गोल. एका ठिकाणी तं चार जनं मी चढताना आधी कोनता पाय टाकला असंल ह्याच्यावर भांडत होते.

मी छाती फुगवून म्हनलं, "दादा, पाहा, खाली बी माह्यावर किती लिवलं. संपतच नाई."

"भाऊ, ते तुमचं नाई. ते पुराचं हाय," तो म्हने. "एवढी एकच ओळ देऊन राह्यले. अन् बहिणीच्या गावाचं नाव आलं का तुमची लुंगी मोठी होऊन झाकून टाकते."

टपरीवाला म्हने, "ह्यानं चादर आंगनात वाळवली असती तं टीवीत पूर वर आला असता."

"तुमी उतरा भाऊ आता," दादा म्हने. "मंग माह्या बहिणीचा नंबर लागन."

झाडावरून तं मी कालच उतरलो होतो. टीवीवरून कसा उतरू? त्याच्याजवळ बसलो. पट्टी फिरून येईपर्यंत मीच मले झाडावर बसलेला पाहाचो. पाचव्या खेपेले मले बी माहा कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी तिथंच त्याचा फोन वाजला. बहीण होती. तीन रात्री शाळेच्या छतावर काढल्या, तिचा फोटो कोनी काढला नाई. तिची खबर इकडं काऊन अडली, ते दादानं तिले सांगितलं. ती कायतरी बोलली अन् दादा डोळे पुसता पुसता हासाले लागला.

"काय म्हने?" मी विचारलं.

"म्हनते, त्या बिचाऱ्याले उतरवलं का नाई?"