खंडेनवमीला मशीन चालत नाई

सुलोचना माझी मोठी जाऊ. तिच्याबद्दल कोणी विचारलं की मी आधी सांगते, बाई हट्टी आहे. तळेगावात आज जी डाळ मिल दिसते ती तिची आहे, हे मागाहून सांगते. हा क्रम मी कधी बदलत नाही. वीस-बावीस वर्षं एका चुलीवर काढली आम्ही, तेवढा हक्क आहे मला.

तेव्हा घरात भासऱ्यांचं, म्हणजे तिच्या मालकांचं, लक्ष्मणरावांचं, किराणा दुकान होतं. गावचा मूग, गावचा हरभरा ट्रकमधून शहरात जायचा आणि डाळ होऊन आमच्याच दुकानात परत यायचा. पोतं उघडताना सुलोचनाबाई दर वेळी चिडायची. "आपलाच मूग अन् आपल्यालेच दुप्पट भावानं! येडे आहो का आपण?"

रेडिओवर सारखं उदारीकरण, उदारीकरण चाललेलं. गावात निम्म्या लोकांना वाटे, आता दुकानात उधारी वाढवून मिळणार. हिनं मात्र कुठून तरी नेमकं ऐकलं की एक विकास बँक आहे, ती खेड्यातल्या बायकांना कारखान्यासाठी कर्ज देते. दुसऱ्या बँका दागिने विचारत होत्या, ही धंदा काय करणार ते विचारते म्हणे. गेली नागपूरला. पुन्हा गेली, पुन्हा गेली. भासरे म्हणाले, "सरकारी काम अन् सहा महिने थांब." सहा महिन्यांचं वर्ष झालं, पण मंजुरी आणली बाईनं.

पहिल्या हप्त्यात शेड उभी राहिली, डाळीचं मशीन आणि पिठाची चक्की आली. दुसरा हप्ता मिळायचा तो साहेबानं मिल चालू पाहिल्यावर. त्यातून मोटरीचे पैसे द्यायचे होते, कारण मोटर नागपूरच्या मशीनवाल्यानं भरवशावर दिलेली. हप्ता आला नाही तर दिवाळीआधी मोटर उचलून नेईन, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. आता दिवाळी म्हणजे बेसन. तो हंगाम हातचा गेला की मिल उघडायच्या आधीच बुडाली.

मिलचा मुहूर्त दसऱ्याचा धरला. साल अठ्ठ्याण्णव. एसटीडी बूथवर बँकेच्या साहेबाचा फोन आला, बुधवारी पाहायला येतो. ही आनंदात म्हणाली, "या ना जी, या!" घरी येऊन मला सांगितलं तशी मी कॅलेंडर पाहिलं. बुधवारी खंडेनवमी!

खंडेनवमीला आमच्याकडे लोखंड आराम करते. विळा, कुऱ्हाड, तराजू, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडायचं. मग दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पुन्हा फोन केला तर साहेब दौऱ्यावर निघून गेलेले.

बुधवारी दुपारी जीप आली. साहेब तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. शेडमध्ये पाहतात तर मशीनला झेंडूचा हार, आणि पुढ्यात आमच्या सासूबाई अनुसयाबाई हवालदारासारख्या बसलेल्या.

"सुरू करून दाखवा," साहेब म्हणाले.

"आज नाई चालत जी," सुलोचनाबाई म्हणाली. "आज नवमी. उद्या सकाळी चालते."

"उद्या सुट्टी. मी आताच अमरावतीला निघालोय. मिल चालू दिसली नाही तर मला बंद लिहावं लागेल. माझा नाइलाज आहे."

भासरे पुढं झाले. "अवो, पाच मिनिटं चालवू. देवाले हात जोडू अन् बटन दाबू," म्हणत ते हाराकडे वळले. मी मनात म्हणत होते, दाबा, दाबा एकदाचं! मोटर गेली तर काय करता?

सुलोचनाबाई मशीनच्या आडवी उभी राहिली. साहेबाला म्हणाली, "इकडे या जी," आणि त्याला रस्त्याकडच्या दाराशी घेऊन गेली.

तिथं डब्यांची लाइन होती. चक्कीवर डबा ठेवून नंबर लावायचा आणि घरी जायचं, ही आमची रीत. तेलाचे डबे, तुपाचे डबे, पोती, एक पितळी कळशीसुद्धा. कोणावर खडूनं नाव, कोणाला ओळखीची चिंधी बांधलेली. दारापासून निघून लाइन पार हनुमानाच्या देवळापर्यंत गेलेली. राखायला कोणी नाही.

"हे काय आहे?"

"हे उद्याचं गिऱ्हाईक. दसऱ्याच्या मुहूर्ताचं पीठ पाहिजे सगळ्याइले. आज मी बटन दाबलं तर मुहूर्त मोडला म्हणून सांजेपर्यंत हे डबे उठून घरी जातीन. साहेब, बँक मले पैसा देईन. गिऱ्हाईक बँक देते का?"

साहेब लाइनीच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, जीपमध्ये बसले आणि गेले. हो नाही की नाही नाही! माझं डोकं असं फिरलं. "चहा पाजला, चिवडा चारला, तरी एक शब्द नाई. माणूस होय का खांब?" मी बडबडत राहिले. जाऊबाई शेडला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होती.

दसऱ्याला उजाडताच बाया जमल्या. सासूबाईंनी हार उतरवला, नारळ फोडला आणि सुलोचनाबाईनं बटन दाबलं. माय वो! काय तो आवाज! जमिनीतून पायात चढला. पहिल्या मुगाची पिवळीधमक डाळ पडली तशा बाया ओरडल्या, टाळ्या पिटल्या, आणि कधी न रडणारी मी, मीच भोकाड पसरलं.

दहाच्या सुमाराला रस्त्यावर एसटी थांबली. साहेब उतरले! सुट्टीच्या दिवशी बँकेची जीप कुठली? अमरावतीहून नागपूरला घरी चालले होते, आमचं गाव वाटेवरच. शर्ट चुरगळलेला आणि हातात कापडी पिशवी, तिच्यात बायकोनं सांगितलेली हरभऱ्याची डाळ. "बेसन करून मिळेल ना?" म्हणत सरळ चक्कीकडे निघाले.

"साहेब, लाइन आहे जी!" सुलोचनाबाई आतून ओरडली.

भासऱ्यांनी कपाळावर हात मारला. ज्याच्या सहीवर मिल उभी, त्यालाच लाइनीत! पण साहेब खो-खो हसले. देवळापाशी गेले, शेवटच्या डब्यामागं पिशवी ठेवली आणि पारावर बसले. तिथंच जेवण झालं. सासूबाईंनी आपट्याचं पान हातात दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." बाया डबे सरकवत होत्या, साहेब आपली पिशवी सरकवत होते, आणि मिल काही थांबत नव्हती. ऊन उतरता उतरता त्यांचा नंबर आला. कोमट बेसनात हात घालून पाहिला त्यांनी, आणि तसल्याच पिवळ्या बोटांनी कागदावर लिहिलं की मिल चालू आहे.

हप्ता आला, मोटर राहिली. पुढं पापडाच्या पिठाची दुसरी चक्की आली, शेड वाढली, आणि आमच्या दुकानात आमचीच डाळ आमच्याच पोत्यातून विकली जाऊ लागली. दोन हजार तीन साली कर्ज मुदतीआधी फेडलं तेव्हा बँकेनं नागपूरला तिचा सत्कार ठरवला. मोठा हॉल, मोठे पाहुणे. मी तर नवं पातळसुद्धा काढून ठेवलं. हिनं फोनवर तारीख ऐकली, या वेळी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाली, "त्या दिवशी नाई जमत जी. खंडेनवमी आहे."

मी म्हटलं, झालं! आला सत्कार अन् गेला सत्कार.

बँकेनं तारीख बदलली. एवढ्या मोठ्या बँकेनं, बाप्पा! हट्टी आहे, सांगितलं ना मी आधीच.