साहेबांचा चहा गजूमामाने प्यायला

गजूमामा गेल्याची बातमी मी तीनदा कापली. कुंभवलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होतो आणि फोनवर अनोळखी नंबर येत होता. अनोळखी नंबर उचलायचा नाही, उचललाच तर समोरच्याला आधी आपण प्रश्न विचारायचा, ही मामाचीच शिकवण. चौथ्यांदा उचलला. "मामा गेलं... मी शेजारच्या हिराबायची सून बोलते," एक बाई म्हणाली. मी निर्लज्जासारखं विचारलं, "मामीचं माहेर कुठलं?" ती "मासवन" म्हणाली आणि रडायला लागली. सख्खा मामा जातो आणि भाचा उलटतपासणी घेतो, ही वेळ फोनवरून लुबाडणाऱ्या हरामखोरांनी आणलीय. बोईसरहून रिक्षाने गावी जाताना रडू येत होतंच, पण डोक्यात एकच घोळत होतं, आता मामी एकटी. तिला मूल नाही, वाचता जेमतेम येतं, आणि मामाच्या निवृत्तीचं जे काही होतं ते तिच्याच खात्यात.

मामा पोस्टमन होता. तारापूरकडच्या आमच्या मच्छीमारांच्या गावात टपाल वाटायचं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं, अशी त्याची दुहेरी नोकरी. बक्षिसात मोटारगाडी लागल्याची रंगीत पत्रं त्या काळात यायची. ती अडवून ठेवायचा त्याला अधिकार नव्हता, म्हणून तो ती इमानेइतबारे पोचवायचा आणि ओट्यावर बसून अशा काही आवाजात वाचायचा, की ऐकणाऱ्या बाईलाच त्या पत्राची किळस यावी. "अभिनंदन म्हनतो बग. तुझं नावपन धड लिवता येत नाय आनि म्हने गाडी देतो." पत्रं धाडणाऱ्यांना तो चोर म्हणायचा नाही. चोराला निदान भिंत चढावी लागते, अंगाला खरचटतं. हे नुसते बसल्या जागी लाळ गाळणारे, भिकारडे. निवृत्तीनंतर पत्रं थांबली, फोन सुरू झाले, आणि मामा गावभर लोकांचे मोबाइल तपासत हिंडू लागला. एका कचेरीने फसवणुकीपासून सावध राहण्याचा फलक लावला होता, तोही इंग्रजीत. मामा त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, "हा फसवनाऱ्यांनाच वाचता येल." 

हिराबाय सुकी मच्छी विकते. गेल्या वर्षी एका दुपारी ती बाजारात दिसली नाही म्हणून मामा तिच्याकडे गेला, मी बरोबर होतो. दार आतून लावलेलं. बऱ्याच हाकांनी उघडलं. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर उशीला टेकवून मोबाइल उभा केलेला, त्यात खाकी वर्दीतला एक माणूस, आणि त्याच्यापुढे स्टुलावर कपबशी, दोन बिस्किटं. हिराबाय स्वतः जमिनीवर. तिच्या नावाच्या पार्सलात नको ते सापडलंय, तिला घरातच अटक झालीय, कुणाशी बोलायचं नाही, असं त्या वर्दीने सांगितलेलं. "सायेब घरी आलेत," ती कुजबुजली, "चाय तरी ठेवाया नको?" मला हसू फुटलं. मामाने माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं. मग तो शांतपणे खुर्चीपुढे बसला, चहा उचलला आणि तो माणूस हिंदीत गुरकावत असताना फुर्र करून सगळा प्यायला. "पार्सलचा नंबर सांग," म्हणाला. "या बाईच्या दारात उभ्या जन्मात पार्सल आलं नाय. टपाल मी वाटत होतो." स्क्रीन काळी झाली.

हिराबाय रडत राहिली. बँकेचं पुस्तक तिच्या मांडीवरच होतं, अजून काही गेलं नव्हतं, तरी तिचं एकच, "सायेब तसंच गेलं, चाय नाय घेतली." परतताना मामा मला म्हणाला, "हसलास ना तू? दारात आलेल्याला चाय इचारते ती. ते कुत्रं तिच्या त्या चांगुलपनावर जगतं. कोनाला हसायचं ते तरी शीक." मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली आणि आजही वाटते.

मामाचं तेरावं झालं त्याच आठवड्यात मामीला फोन आला. राखसुद्धा थंड होऊ देत नाहीत ही गिधाडं. मामाच्या नावाचा विमा मंजूर झालाय, आधार नंबर सांगा, आलेला कोड सांगा. हे कळल्यावर मी धावत गेलो, वाटेत रागावण्याची सगळी वाक्यं तयार केलेली. मामी तांदूळ निवडत होती. जन्मभर मामी काहीही ठरवायचं झालं की "ह्यांना विचारून सांगते" म्हणायची, भाजीवाल्यालासुद्धा. आम्ही भाचरं तिच्या नकला करायचो.

"काय सांगितलंस त्याला?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, ह्यांना विचारून सांगते." 

"मग?"

"तो म्हणाला, आजी, ते तर वारले ना." मामीने एक खडा काढून बाजूला टाकला. "म्हटलं, हो, म्हणून जरा वेळ लागेल."