सतरा निबंध, एक ताट

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधी सांगून टाकते. मी तीन वेळा सांगितलं. एकदा वॉर्डन पाटील अक्कांना, एकदा कॉलेजच्या वाणी मॅडमना आणि एकदा मोठ्या सरांच्या शिपायाला, कारण सर स्वतः भेटेनात. तिघांचंही शेवटी एकच, "मावशी, तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

बघतेच आहे. बारा वर्षं झाली. जळगावात मुलींचं वसतिगृह आहे, त्याची मेस माझ्याकडे. माझं शिक्षण चौथी, तेही धुळ्याकडच्या खेड्यातलं. पोरी येतात, दोन वर्षं राहतात, जाताना बादली नेतात, गादी नेतात, दोरीवरचा शेवटचा चिमटासुद्धा नेतात. किस्से तेवढे माझ्याकडे टाकून जातात. ते ठेवायला माझ्याकडे कपाट नाही, म्हणून सांगत बसते. आजचे सगळे एकाच निबंधाचे आहेत.

* * *

वाणी मॅडम मराठी शिकवतात. अकरावीच्या पोरींना त्यांनी सांगितलं, पुस्तकात आईवर एक कविता आहे आणि वेगळ्या पुस्तिकेत आईवर एक गोष्ट आहे, दोन्ही आयांची तुलना करा. चार पानं. शुक्रवारी अकरा वाजता टेबलावर. निबंध नसेल तिला तोंडी परीक्षेला बसवणार नाही.

आमच्याकडे अकरावीच्या सतरा पोरी. खोल्यांत खाटा आहेत, टेबलं फक्त मेसमध्ये. त्यामुळे काही लिहायचं असलं की सगळा बाजार माझ्यासमोर भरतो.

सोमवारी कणीक उरली. मी म्हटलं असेल काही. मंगळवारी शेवभाजीचं पातेलं अर्धं परत आलं. खान्देशातल्या पोरींनी शेवभाजी परत पाठवली म्हणजे कोणाच्या तरी घरून वाईट बातमी आली, असंच मी समजते. हात तसेच पदराला पुसत बाहेर आले आणि विचारलं, कोण गेलं?

फैजपूरची चैताली वहीतून मान न काढता म्हणाली, "अजून कोणी नाही, मावशी. शुक्रवारी जाणार."

* * *

ही चैताली महाजन. केळीवाल्यांची लेक, बोलायला चटपटीत, लिहायला बसली की हात गार पडतात. तिने मोबाईलला सांगितलं, दोन आयांची तुलना लिहून दे. मोबाईलने चार पानं अशी लिहिली की तिला भरून आलं. तिने मेसमध्ये उभं राहून वाचून दाखवली. कवितेतली आई शेवटी मरते, लेक तिच्या साडीला कवटाळून बसते. दोन-तीन पोरींनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू.

चैताली बुधवारी ते घेऊन मॅडमकडे गेली, आधीच दाखवून ठेवावं म्हणून. मॅडमने एकच पान वाचलं. म्हणाल्या, "कवितेतली आई मरत नाही. तिला जिवंत कर आणि मग ये."

* * *

भडगावच्या दिपालीने आणि तिच्या खोलीतल्या मनीषाने डोकं लढवलं. कविता एकीने वाचायची, गोष्ट दुसरीने वाचायची, मग समोरासमोर बसून तुलना करायची. वेळ निम्मा.

झालं असं की दिपालीला कवितेतली आई आपली वाटायला लागली आणि मनीषाला गोष्टीतली. दिपाली म्हणे, तुझी आई तुसडी आहे, घरी आलेल्या लेकीशी बोलत नाही. मनीषा म्हणे, तुझी नुसती ओरडते. तिसऱ्या पानावर दोघींनी एकमेकींच्या आयांचं जे काढलं ते मी इथे सांगत नाही. दोन दिवस दोघींमध्ये बोलणं बंद. मीठ पाहिजे असलं तरी माझ्यामार्फत.

शेवटी मी विचारलं, अगं, त्या दोघी बायका आहेत तरी कोण? दिपाली म्हणाली, "कोणी नाही. पुस्तकातल्या आहेत."

* * *

आता सुनीता. सुनीता पावरा. सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव, घरात वेगळी बोली, मराठी तिला शाळेतच भेटली. शेतातली तूर सोंगायला घरी गेली ती आठ दिवस आली नाही, म्हणून मागच्या महिन्यात कॉलेजने तिच्या बापाला, नानांना, बोलावलं होतं. नाना आले, पायातल्या चपला हातात घेऊन ऑफिसबाहेर उभे राहिले, आणि जाताना लेकीला एवढंच सांगून गेले की अजून एक बोलावणं आलं तर बिस्तरा गुंडाळायचा. ओरडले नाहीत. ओरडले असते तर पोरगी विसरली असती.

म्हणून ही निबंधाला सगळ्यांच्या आधी भिडली. गोष्टीची पुस्तिका कॉलेजच्या लायब्ररीत दोनच. एक मनीषाने नेली होती आणि कुठे ठेवली ते तिलाही आठवत नव्हतं. दुसरी सुनीताकडे. मंगळवारी दुपारी मी मेथी निवडत होते आणि ती माझ्याशेजारी बसून एक-एक ओळ मोठ्याने दोनदा वाचत होती. कवितेत पोरगी नदीकाठी खेळतेय, आई हाका मारतेय, ती आली की वाढते. गोष्टीत लेक भांडून घर सोडून गेलेली, वर्षाने दारात येते. आई बोलत नाही. ताट वाढते आणि मग तिचं नाव घेते.

सुनीताने सहा ओळी कवितेवर लिहिल्या होत्या, सहा गोष्टीवर. पुढे पेन हलेना. नखं खाऊन संपली, मग पेनाचं टोपण.

मी म्हटलं, हे काय वाढलंस? एका ताटात नुसती भाजी, दुसऱ्या ताटात नुसती भाकरी. जेवणाऱ्याने दोन्हीकडे धावायचं का? एका ताटात घे.

ती म्हणाली, कसं घेऊ?

मी काही विचार करून बोलले नाही. बारा वर्षं पोरींना जेवायला बोलावतेय, तेच बोलले. "कवितेतली आई आधी हाक मारते, मग वाढते. गोष्टीतली आधी वाढते, मग हाक मारते. ताट वाढलेलं असलं की रुसलेल्या लेकीला नाही म्हणता येत नाही."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला लागली. मेथी मी एकटीने निवडली. बुधवारी तिचा निबंध मॅडमच्या टेबलावर, सतरा जणींत पहिला. पुस्तिका लायब्ररीत परत.

* * *

गुरुवारी लायब्ररी बंद. नेमकं गुरुवारीच उरलेल्या सोळा जणींना कळलं की गोष्ट आपण वाचलेलीच नाही. मनीषाने वाचली होती, पण भांडणात तिच्या डोक्यात फक्त भांडण उरलं होतं.

दुपारी अंगणात मी भरताची वांगी भाजत होते. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, धुराने डोळे चुरचुरतायत, आणि सोळा जणी वह्या घेऊन भोवती. काहींना रडू फुटलेलं. चैतालीला तर धुराचं निमित्तच मिळालं.

"मावशी, सुनीता तासाला गेलीय. तिने तुमच्यासमोर वाचली ना? गोष्ट सांगा."

मी म्हटलं, माले बठ्ठं माहीत शे, सगळीच्या सगळी सांगते, बसा खाली.

आणि सांगितली. वांगी सोलत सांगितली, लाकडी बडगीत ठेचत सांगितली. लेक कशी दारात आली, आईने कसं तोंड फिरवलं, ताट कसं वाढलं. मंगळवारचं माझं वाक्य पण सांगितलं, माझंच तर होतं. सोळा पेनं एका आवाजात चालली होती. मला बरं वाटलं, लपवत नाही. त्या दिवशी भरीत एक घास उरलं नाही.

* * *

सोमवारी कॉलेजातून बोलावणं आलं. सतराच्या सतरा निबंधांत तेच वाक्य, हाक आणि ताट. मॅडमने ते सतरा ठिकाणी लाल पेनने अधोरेखित केलं आणि हिशोब मांडला. सुनीताचा निबंध पहिला आला, म्हणजे बाकीच्यांनी तिच्यावरून उतरवला. देणारीलाही शून्य, घेणारीलाही शून्य. पण देणारीच्या घरी कळवायचं.

पोरींनी माझं नाव घेतलं, ते निमित्त ठरलं. तेव्हा मी ते तीन वेळा सांगितलं. ते वाक्य माझं आहे, पोरीने कोणाला काही दिलं नाही. पाटील अक्का म्हणाल्या, तुमचा तिच्यावर जीव आहे म्हणून अंगावर घेताय. मॅडम जरा हसल्या, वाईट नाही हसल्या, पण हसल्या. म्हणाल्या, "मावशी, हे वाक्य समीक्षेचं आहे."

समीक्षा कोण ते मला माहीत नाही. आमच्या वसतिगृहात या नावाची पोरगी नाही.

संध्याकाळी मी वर गेले. सुनीताच्या खाटेवर गादी नव्हती. बिस्तरा गुंडाळून, सुतळीने बांधून, भिंतीला उभा करून ठेवलेला. ती त्याच्याकडे पाठ करून इतिहास वाचत होती. मी विचारलं, जेवनी का? म्हणाली, हो. जेवली नव्हती. ताटं मी मोजते.

* * *

मंगळवारी नाना आले. सकाळची एसटी धरून आलेले, अंगावर धुतलेला सदरा, चपला हातात. या वेळी मी त्यांना बाहेर उभं राहू दिलं नाही. त्यांच्याबरोबर सरळ आत गेले. शिपाई म्हणाला, तुम्हाला बोलावलेलं नाही. मी म्हटलं, मला जेवायलाही कोणी बोलावत नाही, तरी जेवते.

आत मोठे सर, वाणी मॅडम, पाटील अक्का, आणि भिंतीशी सुनीता. सर कागद पुढे ओढत म्हणाले की प्रकरण साधं आहे. मॅडमने नानांना समजावं म्हणून निबंध वाचायला घेतले. आधी चैतालीचा. ते लाल वाक्य वाचलं आणि ओघात पुढचंही वाचून गेल्या.

"आईने काही न बोलता लेकीपुढे कळण्याची भाकरी, भरीत आणि वर तेलाची धार वाढली."

मी म्हटलं, थांबा. दिपालीचा वाचा.

मॅडमने कपाळाला आठी घातली, पण वाचला. कळण्याची भाकरी, भरीत. मनीषाचा. कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात. मॅडमचा आवाज हळू होत गेला. लाल वाक्याच्या पुढे त्यांनी कोणाचंच वाचलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"आता सुनीताचा वाचा," मी म्हटलं.

सुनीताच्या निबंधात आई होती, ताट होतं, भाकरी कुठेच नव्हती.

"हिच्यावरून उतरवलं तर सोळा जणींना भाकरी कोणी वाढली?"

मॅडमने पुस्तिका काढली, पानं उलटली, बोट ठेवून वाचलं. पुस्तिकेत फक्त तीन शब्द होते, आईने ताट वाढले. मग माझ्याकडे बघून विचारलं, ही भाकरी आली कुठून?

"गुरुवारी भरीत होतं," मी म्हटलं. "गोष्ट मी सांगितली. सांगताना वाढली."

"पण पुस्तिकेत नाही ती."

"नसेल. वर्षाने लेक आली, तिच्यापुढे रिकामं ताट ठेवलं असेल का तिने? ज्वारी-उडदाची भाकरी तरी असेलच घरात."

सर म्हणाले, हा विषय नाही. मॅडम पुन्हा ते पान वाचत होत्या. नानांना यातलं किती कळलं माहीत नाही. इतका वेळ ते खाली बघत होते. आता त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, त्या मायने भाकर देल्ली का नाही मंग?"

"देल्ली, नाना."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक शे." आणि हातातल्या चपला खाली ठेवल्या.

मॅडमने सोळा निबंध वेगळे केले आणि म्हणाल्या, या सगळ्यांनी पुस्तिका वाचून पुन्हा लिहायचं. सतरावा त्यांनी आपल्या फायलीत घातला. सुनीताला सांगितलं, जा, तासाला बस. पोरगी निघाली, दारातून परत आली, बापाच्या पाया पडली आणि पळाली.

सरांचं समाधान होईना. चौकशीचा कागद छापील होता आणि एक रकाना रिकामा राहत होता. दोषी कोण, हे लिहिल्याशिवाय तो फायलीत जाणार नव्हता. सर मॅडमकडे बघायला लागले, मॅडम अक्कांकडे, आणि मग तिघंही माझ्याकडे. माझं म्हणणं त्यांना पहिल्यांदाच पूर्ण पटलं होतं. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, पूर्ण नाव सांगा.

मी सांगितलं, आणि त्यांनी नीट लिहिलंय ना ते एक-एक अक्षर लावून वाचलं. द्वारकाबाई रामदास शिरसाठ.