दुसऱ्याच्या नावाची सही

कोर्टाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक उगाच बोटं दाखवतात, आणि आमची मैना काही बोटं दाखवण्यासारखी बाई नाही. शेणवे गावची. नवरा कोर्टात शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी ही अनुकंपावर लागली. घरात सासू सकुबाई, दोन पोरं आणि जेमतेम पुरेल एवढा भात. घर चालायचं ते या नोकरीवरच.

तिचं मुख्य काम पुकारा. केस निघाली की कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकाराच्या नावानं तीनदा हाक मारायची. आवाज असा खणखणीत, की समोरच्या टपरीवर चहा पिणारा आरोपी कप तसाच टाकून धावत यायचा.

त्या कोर्टात एक रीत पडून गेली होती. कुणी मुरबाडकडून येणार, कुणी कसाऱ्याकडून. ज्याची गाडी आधी पोचेल त्यानं हजेरीपटावर बाकीच्यांच्याही सह्या टाकायच्या. यात लबाडी आहे असं कुणाला वाटतच नव्हतं हो! शेजारणीचं दूध उतू जाताना आपण गॅस बंद करतो ना, तेवढंच. मग उशिरा येणाऱ्याची सही हळूहळू न येणाऱ्याचीही व्हायला लागली.

पौषात म्हसा गावची बैलबाजाराची जत्रा लागली. कारकून शेखर तिकडचाच. वडिलांना बैल घ्यायचे होते. आदल्या संध्याकाळी म्हणाला, "मैनाताई, उद्या माझी सही टाक गो."

"टाकते की! येताना पोरांना कायतरी आणा," मैना हसून म्हणाली, आणि सकाळी टाकलीही.

नेमका त्याच दिवशी नव्या न्यायाधीशांनी हजेरीपट मागवला. शेखरची सही आहे, शेखर कुठंच दिसेना. साहेब शांतपणे म्हणाले, "मैनाबाई, शेखरचा पुकारा द्या."

मैना दारात गेली. पहिली हाक दिली, तसे वकील हसायला लागले. दुसरी हाक जिन्यापर्यंतही पोचली नाही. तिसरीला तोंडच उघडेना. डोळ्यांपुढं पोरं आली. गप्प बसली असती तर सही कुणी केली ते कुणाला कळलंही नसतं. पण ती आत आली, साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, शेखरभाऊ म्हशाला गेलेत. सही मी केली."

दोघांनाही नोटीस निघाली. खोटी सही म्हणजे नोकरी गेलीच म्हणून समज, असं जो तो येऊन सांगायचा. मेल्यांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची भारी हौस!

जिल्ह्याहून एक मॅडम चौकशीला आल्या. शेखरला म्हणता आलं असतं, मला काय ठाऊक, तिनं आपल्या मनानं केली. कोर्टातल्या दोघा-तिघांनी त्याला तसं पढवलंही होतं. पण तो उभा राहिला आणि म्हणाला, "मीच सांगितलं, मॅडम. ती नको म्हणत होती. मीच गळ घातली."

मैना चपापली. नको कुठं म्हणाली होती ती? खोट्या हजेरीच्या चौकशीत हा भला माणूस तिच्यासाठी आणखी एक खोटं बोलून बसला होता! गप्प राहिली तर वाचत होती. तिला भरून आलं, आणि रडत रडतच ती बोलली, "नाय मॅडम, मी नको नाय म्हटलं. हसत हसत केली. सगळं त्यांच्या एकट्यावर नका टाकू."

मॅडमनी दोघांचंही म्हणणं शब्दन् शब्द लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात आदेश आला. दोघांची वर्षाची वेतनवाढ बंद, शिवाय सक्त ताकीद. नोकरी मात्र शाबूत. आज त्या कोर्टात ज्याची सही त्यानंच करायची. मैना अजून म्हणते, साहेबांचे उपकार, मॅडमचे उपकार, आणि शेखरभाऊंचे तर फिटायचेच नाहीत.

आदेश घेऊन ती घरी आली आणि सासूला वाचून दाखवला. सकुबाईला त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

"म्हंजे शिक्षा झाली ना गो?"

"झाली."

"नि उद्या कामाला जायचं?"

"जायचं."

म्हातारी उठली, डब्यातला सगळा गूळ फोडून ताटात घेतला आणि आळीत दारोदार वाटत सुटली, "घ्या गो, तोंड गोड करा! आमच्या सुनेला शिक्षा झाली!"