डावा हुक

अकरावीत मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच होते. मीरा रोडच्या एका बास्केटबॉल क्लबच्या सरांनी मला कॉलेजच्या गेटवर पाहिलं आणि थेट संघात घेतलं. "तू फक्त बास्केटखाली हात वर करून उभी राहा," ते म्हणाले. मी वर्षभर उभी राहिले. शिकवलं त्यांनी काहीच नाही.

मग क्लबमध्ये एक नवी मुलगी आली. माझ्याहून बुटकी, पण अंगाने भक्कम. पहिल्याच सरावात तिने पाठीने असा रेटा दिला की मी मागे आपटले, कोपर सोलवटलं. ती हसली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्यापेक्षा बास्केटचा खांब बरा. निदान मागे तरी सरकत नाही." त्यानंतर माझ्याकडे बाटल्या भरायचं काम आलं. मी क्लब सोडला. ते वाक्य मात्र गोडदेवला माझ्याबरोबर घरी आलं. कणीक मळताना आठवलं की माझी मूठ आपोआप वळायची.

आमच्या बुद्धविहारात एक ताई यायच्या. तरुणपणी कंपनीच्या संघातून खेळलेल्या, आता पालिकेच्या मैदानावर मुलींना शिकवायच्या. मी त्यांना गाठलं.

"ताई, मला एका मुलीला हरवायचंय. आणि तिच्या सरांना."

"खेळ आवडतो का?"

"ते नंतर बघू."

त्या हसल्या नाहीत. "तू बस स्टॉपवर उभी राहिल्यासारखी उभी राहतेस. गुडघे वाकव. अजून. आता कंबरेने मागच्या मुलीला थोपव."

सगळा खेळ पाठीला कळतो, हे मला त्यांनी शिकवलं. मागचीचं वजन उजव्या खांद्यावर आलं की डावा पाय तिच्या पायामागे टाकायचा आणि गर्रकन वळायचं. डाव्या हाताने डोक्यावरून बॉल सोडायचा, हुक. पहिले कित्येक आठवडे माझे हुक बोर्डालाही लागत नव्हते. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले की गच्चीवर उशी घेऊन माझ्या पाठीला रेटत उभे राहायचे.

"एवढं कोणाला ढकलतेयस गं?" एकदा त्यांनी धापा टाकत विचारलं.

मी सगळं सांगितलं. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग उशी छातीशी घट्ट धरून म्हणाले, "ढकल."

पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धेत ताईंचा संघ आणि सरांचा क्लब समोरासमोर आले. पहिलाच बॉल माझ्याकडे आला. त्याच मुलीचं वजन पाठीवर आलं, उजवीकडे. मी डावीकडे वळले. बॉल आत गेल्यावर मी तिच्याकडे नाही, सरांकडे पाहिलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ती मला ओढायला लागली, धक्के द्यायला लागली, शिट्ट्या वाजत राहिल्या. "अरे, मागे ढकल तिला!" सर बाहेरून ओरडत होते. मी जागची हलले नाही. पाचव्या फाऊलला नियमाप्रमाणे ती बाहेर गेली आणि टॉवेलमध्ये तोंड घालून बसली.

आम्ही खूप पुढे होतो. ताईंनी मला बाहेर बोलावलं.

"ताई, प्लीज. अजून थोडं."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि राहू दिलं. शेवटचे बास्केट मी अगदी सरांच्या बाकासमोर केले. इतकं गोड मी आजवर काही खाल्लेलं नाही.

सामन्यानंतर सर हात पुढे करत आले. "मी तेव्हाच ओळखलं होतं तुला. परत ये आपल्याकडे."

"नको सर. तुमच्याविरुद्ध खेळायला मजा येते."

त्यांचा हात तसाच राहिला. मी बुटांच्या नाड्या सोडायला बसले.

बाहेर रिक्षाची वाट बघताना ती मुलगी आली. डोळे लाल. "लेफ्ट कब सीखी तू? मुझे भी दिखा ना."

ती खरंच विचारत होती, खोडी काढत नव्हती. मला कळलं ते.

"नहीं दिखाऊँगी," मी म्हटलं आणि रिक्षात बसले.